जुनी आळी जपायची असेल तर आधी छपरावर चढा

पुण्याच्या कसबा पेठेत मी लग्न होऊन आले, तेव्हा वाड्याचा दिंडी दरवाजा मला अडचणीचाच वाटायचा. हातात पिशव्या, त्यात वाकून आत शिरायचं, मग दोन पायऱ्या चढून ओसरी. सासूबाई म्हणायच्या, "सवय होईल, घाई कशाची?" सवय झाली, आणि सवयीबरोबर जीवही जडला. आमचा वाडा पूर्वी दोन चौकी होता. आता एकच चौक उरलाय. मागचा चौक कसा गेला, तो का वाचवता आला नाही, आणि पुढचा कसा टिकला, यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

हे लिहिते आहे ते पेठेत नव्याने येणाऱ्यांसाठी. कुणाला वाड्यात वारसाहक्काने दोन खोल्या आल्यात, कुणी नव्या इमारतीत फ्लॅट घेतलाय, कुणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी सदाशिव पेठेत खोली घेऊन राहतंय. यातल्या प्रत्येकाला आळीसाठी काही ना काही करता येतं. फक्त क्रम चुकवू नका. बहुतेकांना पहिल्या उत्साहात दर्शनी भिंत रंगवावीशी वाटते. वाडे पडतात ते गळक्या छपरामुळे, तुंबलेल्या मोरीमुळे आणि मालक-भाडेकरूंच्या अबोल्यामुळे. रंगाचं काम सगळ्यात शेवटी.

पहिलं काम : वही घेऊन आळी बघा

एक साधी दोनशे पानी वही घ्या. आळीच्या एका टोकापासून चालायला लागा आणि प्रत्येक घरासाठी एक पान ठेवा. घराचा सिटी सर्व्हे नंबर माहीत असेल तर तो लिहा, नसेल तर जागा मोकळी सोडा. जोतं किती उंच आहे, घडीव दगडाचं की गोट्यांचं. समोरच्या बाजूला किती खण. खांब सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखे घडवलेले, आहेत की साधे चौकोनी. वर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेलं छत, आहे की नंतर टाकलेला स्लॅब. छपरावर कौलं की पत्रे, हे सगळं नोंदवा. खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर. जुने सुतार घराचं माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. तुम्हीही खण मोजायला शिका. आळीचा सारखेपणा कुठून येतो ते त्यातून कळतं. घरं वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या ऐपतीची असतात, पण खणाचं माप आणि वळचणीची उंची साधारण जुळलेली असते. म्हणून सगळी आळी एका हाताने बांधल्यासारखी वाटते.

कौलांबद्दल एक सांगते. मंगलोरी कौलं दिसली की लोक "पेशवाईतलं छप्पर" म्हणतात. ते खरं नाही. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. त्याआधी आपल्याकडे नळीची गावठी कौलं असत. तेव्हा तुमचा वाडा त्याआधीचा असेल आणि त्यावर मंगलोरी कौलं असतील, तर निदान छप्पर तरी एकदा बदललेलं आहे. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. वाडे नेहमीच दुरुस्त होत, वाढत, विभागले जात आले आहेत. जपायचं म्हणजे ते एखाद्या विशिष्ट सालात नेऊन गोठवायचं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

वहीत नावंही लिहा. पेठांचा निम्मा इतिहास नावांत आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळाने पाणी आणलं गेलं आणि पेठांत हौद बांधले गेले. त्यातले कितीतरी आज दिसत नाहीत, तरी आपण पत्ता सांगताना फडके हौद, काळा हौद म्हणतोच. खुन्या मुरलीधर, पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, सोट्या म्हसोबा ही नावं ऐकून नवा माणूस हसतो, पण प्रत्येक नावामागे कुणीतरी सांगितलेली हकिगत असते. ती आळीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडून, त्यांची परवानगी घेऊन, फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आमच्याकडे एक आजी १२ जुलै १९६१ बद्दल बोलायच्या. पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, नदीकडच्या मातीच्या भिंती कशा विरघळल्या, कोण कुणाच्या माडीवर राहिलं. मी उद्या-परवा करत राहिले आणि त्या गेल्या. ती पायरी कुठली हे आता आमच्या आळीत कुणालाच सांगता येत नाही.

फोटो काढताना दरवर्षी त्याच जागी उभं राहून काढा. भिंतीला तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख टाका. पुढच्या वर्षी तडा खुणेच्या पुढे गेला असेल, तर इंजिनिअरला बोलवायची वेळ झाली आहे.

दुसरं काम : कागद

हे कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढचं सगळं हवेत राहतं. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. आपण तिला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. पेठांतल्या कार्डांवर पणजोबांचं नाव असणं आणि वारसांची नोंदच न झालेली असणं नेहमीचं आहे. ती नोंद आधी करून घ्या. वीस वारस सहीसाठी एकत्र येत नाहीत म्हणून पडलेले वाडे मी पाहिले आहेत.

त्यानंतर महापालिकेत तीन गोष्टी विचारा. एक, विकास आराखड्यात तुमच्या घरावरून रस्तारुंदीची रेघ गेली आहे का. झोन दाखल्यात ते कळतं. ओसरीवरून रेघ जात असेल आणि तुम्ही पुढे नवं बांधायला गेलात, तर पहिल्यांदा ओसरीच जाईल. दोन, वास्तू वारसा यादीत आहे का, आणि असेल तर कुठल्या श्रेणीत. पहिल्या श्रेणीत बदलाला जवळजवळ वाव नसतो. दुसरीत बाहेरचं रूप राखून आतले बदल विचारपूर्वक करता येतात. तिसरी श्रेणी साधारणपणे त्या घरांसाठी असते, ज्यांच्यामुळे वस्तीला तिचं रूप येतं. पेठांतल्या साध्या वाड्यांना शोभेल ती हीच, पण आपले बहुतेक वाडे कुठल्याच यादीत नाहीत, हेही लक्षात ठेवा. यादीतल्या घराला काही करायचं तर वारसा समितीचा सल्ला घेऊन परवानगी लागते. न वापरता येणाऱ्या बांधकाम हक्कांच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारे बांधकाम हक्क, मागण्याची सोयही नियमांत आहे. "यादीत गेलं की घर मातीमोल" असं सांगणाऱ्यांना त्या तरतुदीबद्दल विचारून बघा.

तिसरी गोष्ट शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांची. तो केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. या पट्ट्यातल्या लोकांचे हाल खरे आहेत. घर मोडकळीला आलेलं, पाडून नवं बांधायची सोय नाही, आणि आता काहीच करता येणार नाही असं समजून दुरुस्तीही थांबलेली. ती समजूत चुकीची आहे. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. अर्जाबरोबर जुने फोटो आणि मोजमापं जोडावी लागतात, आणि इथे तुमची दोनशे पानी वही कामाला येते.

घराचा इतिहास खणून काढायची हौस असेल तर सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासून. पेशवे दफ्तर पुणे पुराभिलेखागारात आहे. मोडी वाचणारा कुणी ओळखीचा असेल तर दिवाळीत त्याला आवर्जून फराळाला बोलवा.

तिसरं काम : पाणी

खरी जपणूक इथे होते. वाड्याचा भार पेलतात ते लाकडी खांब आणि तुळया. भिंती जाड असतात, खाली दगड, वर भाजकी वीट, आणि कित्येक ठिकाणी आत नुसती पांढरी माती. सागवान कोरडं राहिलं तर दोनशे वर्षं उभं राहतं. तेच लाकूड भिंतीत घुसतं त्या टोकाला सतत ओल राहिली, तर काही वर्षांत आतून भुसा होतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वाडा पावसाळ्यात एका रात्रीत "अचानक" पडला असं आपण वाचतो. त्याची तुळई आधी दहा पावसाळे कुजत असते.

म्हणून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ऊन कितीही असो, जाणत्या माणसाला घेऊन छपराची पाहणी करा. कौलं शाकारायची पद्धत आपल्याकडे दरवर्षीची होती. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली परतायची, वासे आणि रिपा ठोकून बघायच्या. पन्हळीतला पालापाचोळा आणि कबुतरांची घाण काढायची. पिंपळाचं रोप दिसलं तर वरवर छाटू नका. मूळ भिंतीत किती गेलंय ते गवंड्याला दाखवा; ओढून काढायला गेलात तर दगडही निघून येईल.

मग खाली या. प्रत्येक तुळईचं टोक भिंतीत जातं तिथे हातोडीच्या दांड्याने ठोका. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, तो सहज आत गेला तर ते टोक गेलेलं आहे. लगेच टेकू द्या. सगळी तुळई बदलायची गरज नसते. चांगला सुतार कुजलेला भाग कापून नव्या सागाचा जोड देतो, किंवा दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळून देतो. वाळवीच्या मातीच्या नळ्या खांबाच्या तळखड्याजवळ, म्हणजे खांबाखालच्या दगडाजवळ, शोधा, तिथूनच ती वर चढते.

शेवटी मोरी. जुन्या वाड्यांत न्हाणीघर आणि संडास घरापासून लांब, मागच्या चौकात असत, त्याला कारण होतं. आता प्रत्येक खोलीवाल्याला आत बाथरूम हवं, आणि हवंच. माडीवरच्या सत्तरीतल्या बाईंनी रात्री जिना उतरून का जावं? पण ते करताना पाइप भिंतीत पुरू नका, बाहेरून दिसतील असेच न्या. गळती दिसली तरच दुरुस्त होते. आमचा मागचा चौक गेला तो अशाच एका पुरलेल्या पाइपामुळे. चार वर्षं भिंत आतून भिजत होती आणि आम्ही वरून ऑइलपेंट मारत होतो.

चुन्याबद्दल थोडं

जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. मी हे सांगते आहे कारण आम्ही तो केला होता. पहिली दोन वर्षं भिंत अगदी देखणी दिसली. जुनी माती-विटांची भिंत पाणी शोषते आणि हळूहळू बाहेर टाकते. सिमेंटने ती वाट बंद झाली की ओल आतच साठते, वर चढते, आणि तुळईपर्यंत पोचते. तिसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याचा पत्रावळीएवढा तुकडा सुटला तेव्हा मागची माती लोण्यासारखी झाली होती.

चुना वापरायचा तर भिजवलेला, मुरवलेला हवा. दुकानातून पोतं आणून त्याच दिवशी कालवलेला चुना भेगाळतो. विटांची भुकटी आणि वाळू घालून, चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळून त्यात गूळपाणी, बेलफळाचा गर, मेथीचं पाणी घालायची पद्धत होती. प्रमाण गवंड्यागणिक बदलतं, म्हणून आधी आतल्या भिंतीवर हातभर जागेत करून बघा आणि एक पावसाळा जाऊ द्या. चुन्याचं काम येणारे गवंडी कमी आहेत, पण आहेत. जुन्या देवळांची कामं करणाऱ्यांकडे चौकशी करा. त्यांना सिमेंटच्या कामापेक्षा जास्त दिवस लागतात, त्याचे पैसे देताना घासाघीस करू नका. ही माणसं पोट भरेल इतकं मिळालं नाही म्हणून दुसऱ्या कामाला गेली, तर पुढच्या वेळी ती कुठून आणायची?

मालक आणि भाडेकरू

पेठांतला सगळ्यात नाजूक विषय. मालकाला महिना काही रुपये भाडं मिळतं, त्यात कौलांची एक रांगही बदलून होत नाही. भाडेकरू तीन पिढ्या राहतोय आणि त्याला भीती आहे की दुरुस्तीच्या निमित्ताने बाहेर काढतील. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि त्यांच्या गप्प बसण्यात वाडा जातो.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती टाळली तर भाडेकरू लेखी नोटीस देऊन दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून मर्यादेत वळता करू शकतो. पण इतक्या कमी भाड्यात वळतं करून हाती काय येणार? आमच्या वाड्यात उपयोगी पडला तो साधा उपाय. सगळ्या खोल्यांनी मिळून छपराचा एक निधी काढला, मालकाने निम्मे घातले, आणि एका कागदावर लिहिलं की या पैशांमुळे कुणाचा हक्क वाढत नाही की कमी होत नाही. त्या एका वाक्यावर तीन रात्री वाद झाला. वकिलाकडून ते वाक्य नीट लिहून घ्या, तेवढी फी देण्यासारखी आहे.

महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नका आणि फाडूनही टाकू नका. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे न सोडता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. लाकूड-मातीचं बांधकाम कळणाऱ्या इंजिनिअरचं दुसरं मत जरूर घ्या, कारण सिमेंट-काँक्रीटच्या नजरेने बघणाऱ्याला प्रत्येक वाडा सी-१ च वाटतो. मात्र त्यानेही सी-१ सांगितलं तर त्या दिवशी बाहेर पडा. कुठलीही महिरप माणसाच्या जिवापेक्षा मोठी नाही. बाहेर पडण्याआधी आपल्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप महापालिकेच्या अभियंत्याकडून लेखी करून घ्या.

शेजारी नवं बांधकाम निघालं तर

भिंत सामाईक आहे का ते आधी बघा. शेजारचा वाडा पाडताना आणि पाया खोदताना आपली भिंत उघडी पडते, आणि पाऊस नेमका तेव्हाच येतो. पाडकामाआधी तारखेसह फोटो काढा, बिल्डरकडून टेकू आणि प्लास्टिकचं आच्छादन लेखी मागा, प्रत वॉर्ड ऑफिसला द्या.

नवी इमारत होणारच असेल तर ती अडवण्यापेक्षा तिच्याशी बोलणं जास्त फळतं, असं माझं मत झालंय. आळीचं रूप बिघडतं ते खालच्या दहा फुटांत. खाली गाड्यांसाठी मोकळे खांब, त्यापुढे लोखंडी फाटक, आणि जिथे ओसरीवर माणसं बसायची तिथे काळोख. मागायचं तर नेमकं मागा. रस्त्याच्या बाजूला बसायला एक कट्टा, शेजारच्या वळचणीच्या उंचीवर एक आडवी पट्टी, जुन्या जोत्याचे दगड नव्या पायरीला, जुना दरवाजा प्रवेशाला. याचा खर्च एकूण कामात फारसा नसतो, आणि नव्या रहिवाशांना तो दरवाजा दाखवून फ्लॅट विकायला बिल्डरलाही आवडतं.

वाडा पडणारच असेल तर तो पडायच्या आधी मोजून घ्या. वास्तुकला महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात जुन्या घरांची मोजणी आणि रेखाटन असतं. विद्यार्थ्यांना महिनाभर आधी बोलावलं तर ते आनंदाने येतात. बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली, तो स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये उतरवला गेला. स्मारक व्हायलाच हवं होतं. पण ज्या खोलीत त्या मुली बसल्या तिची लांबीरुंदी, उजेड यायची बाजू, जिन्याची पायरी, हे स्मारकाच्या दगडात येत नाही, रेखाटनात येतं. कोरीव खांब-तुळया जुन्या बाजारात जाण्याआधी त्यांच्यावर खडूने क्रमांक घाला आणि आळीतल्याच कुणाला दुरुस्तीसाठी हव्यात का विचारा.

आणि आवाज

तांबट आळीत अजून तांब्याची भांडी ठोकून घडतात. मठारकाम म्हणतात त्याला. गोल डोक्याच्या हातोडीने एकेक ठोका देत भांड्यावर चकचकीत ठिपक्यांची नक्षी उठवायची. तो आवाज सकाळपासून चालतो. जुन्या पेठेत हौसेने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात तो असह्य होतो आणि तो तक्रार करायच्या बेतात येतो. बुरुड आळीतल्या बांबूचं, कुंभारांच्या धुराचंही तेच.

तक्रार लिहिण्याआधी खाली उतरून त्या दुकानात जा. किती वर्षं काम करता, मुलगा धंद्यात आहे का, दुपारी ठोकायचं कधी थांबवता, हे विचारा. दुपारी दोन ते चार थांबवतात बहुतेक. तुमचं बाळ झोपवायचं असेल तर ती वेळ धरा. परत येताना एक तांब्या विकत घ्या.